हत्ताच्या धरणात उभं कोण राहिलं

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मागच्या वार्षिक अंकात, पान चौदा ते सतरावर, माझा दुबई-शारजाच्या प्रवासाचा लेख छापून आला होता. लेख बऱ्याच जणांना आवडला. संघाच्या सभेत त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला गेला आणि हशा पिकला. तो परिच्छेद खोटा आहे. बाकीचा लेख साधारण खरा आहे. फक्त उंटाची उंची मी थोडी वाढवली होती.

त्या परिच्छेदात असं लिहिलं आहे की, आमच्या साडूंना, बापूंना, पाणी पाहून राहवेना, मी मराठीत समजावून सांगितलेलं असतानाही ते होडीत उठून उभे राहिले, होडी उलटली आणि आम्ही दोघं धरणात पडलो. होडी उलटली आणि आम्ही पडलो, एवढं खरं. उभा मी राहिलो.

बापू वाईला राहतात. शाळेत कवायतीचे मास्तर होते. वय पंच्याहत्तर. त्यातली साठ वर्षं ते रोज सकाळी कृष्णेत पोहत आले. माझ्या त्या परिच्छेदामुळे त्यांचं पोहणं बंद झालं. म्हणून तोच प्रवास मी पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी ती जागा पाहिलेली नाही त्यांना ती कळावी आणि ज्यांनी पहिला लेख वाचला त्यांनी तो विसरावा, अशी विनंती आहे.

शारजा

माझा मुलगा नितीन शारजाला राहतो आणि दुबईला नोकरी करतो. तिकडे असं पुष्कळ लोक करतात, कारण शारजात भाडं कमी आहे. त्याची किंमत ते रस्त्यावर चुकवतात. नितीन पहाटे पावणेसहाला घर सोडतो. सहाला सोडलं तर दीड तास लागतो, पावणेसहाला सोडलं तर पाऊण. मधल्या पंधरा मिनिटांत काय होतं ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, बाकीचे उठतात."

त्याने जानेवारीत आम्हाला बोलावलं. मी, माझी पत्नी सुलभा आणि बापू असे तिघं गेलो. बापूंच्या पत्नी म्हणजे सुलभाची थोरली बहीण शैलाताई. त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला म्हणून त्या वाईलाच राहिल्या. निघताना बापूंचा मुलगा संजय मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबांना तुमच्या भरवशावर सोडतोय." मी म्हणालो, काळजी करू नकोस. हे वाक्य पहिल्या लेखात नव्हतं.

नितीनचं घर नवव्या मजल्यावर आहे. इमारतीच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे हे कळल्यावर बापू पहिल्याच दिवशी पहाटे पाचला खांद्यावर पंचा टाकून वर गेले. तलाव नऊला उघडतो. ते चार तास दाराबाहेर बसले. नऊला केरळी वॉचमन आला आणि त्याने बापूंच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीकडे बघून सांगितलं की पोहण्याचा पोशाख लागेल. दुसऱ्या दिवशी पोशाख आणला. बापू पाच मिनिटांत पाण्याबाहेर आले आणि अंग पुसत म्हणाले, "पाण्याला औषधाचा वास येतोय. आजारी पाणी आहे."

मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे इथल्या नळाला येणारं पाणी मुळात समुद्राचं असून खारेपणा काढून घरोघरी पोचवलेलं आहे, याचा मला अचंबा होता. तो मी बापूंना समजावून सांगितला. बापू म्हणाले, "म्हणजे आजारपण काढून औषध घातलं."

नात ईरा अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. बापूंना इंग्रजी कवायतीपुरतं येतं. तरी त्या दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. बापू तिला सकाळी गच्चीवर सूर्यनमस्कार शिकवायचे आणि तीही घालायची. सून मेघना म्हणाली की ही पोर शाळेच्या दिवशीसुद्धा एवढ्या लवकर उठत नाही.

चौथ्या संध्याकाळी ठरलं की शनिवारी हत्ताला जायचं. डोंगरात धरण आहे, निळं पाणी आहे, होड्या मिळतात, असं नितीनने सांगितलं. बापूंनी पोहता येतं का विचारलं. पोहायला बंदी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "हात तर बुडवता येईल ना?"

बर दुबईतली खरेदी

ही खरेदी पहिल्या लेखात नाही, कारण ती मी कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या खात्यात धरण भरलं की जलपूजन होतं. मंत्री येतात, नाही तर आमदार. नदीची खणानारळाने ओटी भरतात. आधी हळदकुंकू, मग खण, मग नारळ. त्या सगळ्याचं ताट धरून एक माणूस शेजारी उभा असतो. छत्तीस वर्षांत अकरा धरणांवर तो माणूस मी होतो. वर्तमानपत्रातल्या फोटोंत माझे हात आहेत. कोपरापासून पुढचे, ताटासकट. ज्या धरणासाठी मी चार पावसाळे पत्र्याच्या खोलीत काढले, त्याचीही ओटी ज्यांनी भरली त्यांना धरणाचं नाव चिठ्ठीत बघून म्हणावं लागलं.

तेव्हा माझ्या मनात आलं की एका तरी धरणाची ओटी आपल्या हाताने भरावी. इथे मंत्री येणार नव्हता.

शुक्रवारी आम्ही सगळे बर दुबईला, म्हणजे दुबईच्या जुन्या बाजारभागात, गेलो होतो. बायका कापडांत रमल्यावर मी पूजेच्या सामानाच्या गल्लीत शिरलो. नारळ लगेच मिळाला, शेंडीसकट. खण मिळाला नाही. सिंधी दुकानदाराने जरीची किनार असलेलं निळं ब्लाउजपीस दिलं आणि सांगितलं की धुतल्यावर रंग जाणार नाही. मी म्हणालो, बघू. हळदकुंकवाच्या पुड्या विजारीच्या खिशात टाकल्या. नारळ गरम टोपीत गुंडाळून पिशवीत लपवला. सुलभा तोवर कोथिंबिरीच्या जुडीचे रुपये काढायला दिरहमांना तेवीसने गुणत होती, त्यामुळे तिचं लक्ष नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

हत्ताचा रस्ता

शनिवारी सकाळी निघालो. मेघनाने थालीपिठं आणि दही बरोबर घेतलं होतं. वाटेत एका टपरीपुढे गाडी थांबवून नितीनने कडक चहा मागवला. तिकडे 'कडक' हे या चहाचं नावच आहे. वेलची आणि आटवलेलं दूध घातलेला असतो. गाडीतून उतरायचं नसतं, हॉर्न वाजवला की चहा खिडकीत येतो. आमच्याकडे हॉर्न वाजवला तर चहावाला काय म्हणेल, याची आम्ही तिघांनी मनातल्या मनात कल्पना केली.

अर्ध्या तासाने वाळू तांबडी झाली. आपल्याकडे विटांच्या भट्टीपाशी माती असते तसा रंग, पण क्षितिजापर्यंत. कुंपणापलीकडे उंट होते. ते साधारण घोड्यापेक्षा थोडे उंच असतात, एवढंच मी आता लिहितो. बापूंनी गाडी थांबवायला लावली. मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडली आणि विचारलं, "नितीन, यात काय पिकतं रे?"

"काही नाही काका. व्हिला."

मग डोंगर आले. आपल्या सह्याद्रीत दगडाच्या फटीतही काहीतरी उगवलेलं असतं. इथे डोंगर म्हणजे नुसता दगड. तपकिरी, काळसर, वर चढताना भुगा होणारा. एकही झाड नाही. तरी शेळ्या होत्या. त्या काय खात होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बापूंचं मत पडलं की त्या एकमेकींकडे बघून दिवस काढत असाव्यात.

धरण

डोंगराच्या वळणानंतर पाणी एकदम दिसतं. त्या भाजलेल्या दगडांच्या मधोमध निळसर हिरवं, शांत पाणी. बापू गाडीतच म्हणाले, "अरे बापरे."

मी सवयीप्रमाणे भिंत बघितली, सांडवा बघितला आणि कालवा शोधू लागलो. कालवा दिसेना. मी नितीनला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी पुन्हा विचारलं की मग हे पाणी जातं कुठे, कुणाला मिळतं. उत्तर ईराने दिलं.

"आजोबा, इट्स फॉर कयाकिंग."

कयाक म्हणजे दोन माणसांची अरुंद होडी. आत पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावी-उजवीकडे मारायचं. लाल, पिवळ्या, हिरव्या अशा पुष्कळ कयाक पाण्यावर फिरत होत्या. लोक हसत होते, फोटो काढत होते. आमच्या धरणांवर 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे' असे फलक असतात. त्यातले बरेच मी स्वतः रंगवून घेतले आहेत. इथे माणसांना पाण्यात ढकलायला पगारी माणसं होती. छत्तीस वर्षं मी पाण्याचा एकच उपयोग धरून चाललो होतो, तो म्हणजे शेवटी कुणाच्या तरी शेतात ते पोचलं पाहिजे. इथे ते नुसतं होतं आणि लोक त्याच्याकडे बघून खूश होते. सुरुवातीला मला राग आला. थालीपीठ खाल्ल्यावर कमी झाला.

होड्यांची वाटणी झाली. नितीन आणि मेघना एकीत. सुलभाने काठावर पिशव्या सांभाळायचं पत्करलं. ईराला बापूंबरोबर जायचं होतं. मी म्हणालो, आधी आम्ही दोघं म्हातारे जाऊन येतो, मग तू बापूंबरोबर जा. बापूंनी तिला तसा शब्द दिला. मी हे का केलं ते उघड आहे. नारळ घेऊन मला ज्याच्याबरोबर जाता येईल असा माणूस एकच होता.

तिथला मार्गदर्शक केनियाचा होता, नाव जोसेफ. त्याने सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली आणि इंग्रजीत सूचना दिल्या. पाण्यात काही टाकायचं नाही. भिंतीजवळ जायचं नाही. डोन्ट स्टँड. 'स्टँड' हा शब्द बापूंनी पस्तीस वर्षं मैदानावर रोज शंभरदा उच्चारला होता. तरी मी त्यांना भाषांतर करून सांगितलं, "बापू, उभं राहायचं नाही." बापू म्हणाले, "बरं."

नारळ मी जाकिटाच्या आत पोटावर ठेवला होता. जोसेफने पट्टा आवळताना पोटाकडे पाहिलं आणि पट्टा सैल केला.

पाण्याच्या मध्यावर

बापू मागे, मी पुढे. वल्हं बापूच मारत होते. मी पाण्याला फक्त पातं लावत होतो. मध्यावर आल्यावर मी म्हणालो, "बापू, जरा थांबा," आणि जाकिटातून नारळ काढला.

बापूंनी नारळ पाहिला, ब्लाउजपीस पाहिलं आणि विचारलं, "हे काय, ओटी?"

मी हो म्हणालो. त्यांना नियम आठवला होता, पण त्यांनी त्याचा विषय काढला नाही. एवढंच म्हणाले, "भरा मग. हळू."

मी पुडी सोडून हळद बोटाला घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही पाय पसरलेले आहेत आणि ज्याची ओटी भरायची त्याच्याकडेच तळवे आहेत. देवाकडे पाय करून कुणी पूजा करत नाही. अकरा धरणांवर मी पाहिलं होतं, सगळ्यांनी उभं राहून ओटी भरली होती. मी वल्हं आडवं ठेवलं आणि गुडघा दुमडला.

"अहो, बसा," बापू म्हणाले. "बसूनच भरा. पाण्याला चालतं."

मी उभा राहिलो. साधारण दोन सेकंद राहिलो असेन. तेवढ्यात सगळा तलाव दिसला, आणि छान दिसला.

मला पोहता येत नाही. पाटबंधारे खात्यात ती अट नाही. जाकिटामुळे मी बुडालो नाही, पण तोंडात पाणी गेलं आणि मी हातपाय झाडू लागलो. बापूंनी मागून माझी कॉलर धरली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "सावधान. हलू नका. आकाशाकडे बघा." मी आकाशाकडे बघितलं. ते माझ्या शेजारी उताणे तरंगत होते. त्यांचा चेहरा मला दिसला. आठवडाभरात ते इतके खूश कुठेच दिसले नव्हते. म्हणाले, "गार आहे. निरोगी पाणी आहे."

जोसेफची मोटारबोट निघालेली दिसली. मी घाबरून म्हणालो, "बापू, नारळाचं बोलू नका. नितीनची नोकरी आहे इथे, व्हिसा आहे."

बापू म्हणाले, "नारळाचं नाही बोलत."

इथपर्यंत जे झालं त्याची मला फारशी लाज वाटत नाही. पुढच्याची वाटते. जोसेफने आम्हाला वर ओढलं. तो रागावला नव्हता. कोण उभं राहिलं, एवढंच त्याने विचारलं. मी बापूंकडे बोट केलं. बोटाला अजून हळद होती.

नारळ लपवायला बापू कबूल झाले होते. माझं उभं राहणं लपवा, असं त्यांना मी सांगितलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. बापूंनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

ब्लाउजपीस बुडालं. नारळ मात्र तरंगत बोटीपाशी आला. जोसेफने तो उचलला आणि कुणाचा म्हणून विचारलं. बापू म्हणाले, "माइन." जोसेफ त्यांच्याकडे बघत राहिला. बापूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ब्रेकफास्ट."

काठावर आल्यावर जोसेफने नितीनला अदबीने सांगितलं की या सरांना आज पुन्हा होडीत जाता येणार नाही. या सरांना म्हणजे बापूंना. ईरा जाकीट घालून तयार उभी होती. तिने विचारलं, "बापू आजोबा, व्हाय डिड यू स्टँड?"

बापू म्हणाले, "पाय अवघडले होते गं."

मी तेव्हा टॉवेलात होतो. तोंड पुसत होतो. ते बराच वेळ पुसलं.

दुसऱ्या दिवशी मेघनाने त्या नारळाचा नारळीभात केला. मी दोनदा घेतला.

परतल्यावर

हत्ताहून आल्यावर त्याच संध्याकाळी नितीनने काळजीपोटी संजयला फोन करून सगळं सांगितलं होतं. आम्ही परतल्यावर संजय मला म्हणाला, "बाबांचं हल्ली असंच होतंय का काका?" मी म्हणालो, वय झालं की होतं थोडं. नितीनच्या नोकरीची भीती मला विमानात बसेपर्यंत होती, असं मी स्वतःला सांगत असे. ते मान्य केलं तरी लेख मी पुण्यात, घरी बसून लिहिला. पुण्यात त्या नारळाबद्दल मला कुणी काही करणार नव्हतं. लेखाला एक गमतीचा प्रसंग हवा होता आणि गंमत माझ्यावर येऊन चालणार नव्हती. संघात मला सगळे 'साहेब' म्हणतात.

लेख छापून आला. लोकांनी त्या परिच्छेदाचे फोटो काढून पुढे पाठवले. ते वाईलाही गेले.

चार महिन्यांनी संजयच्या मुलाच्या मुंजीला आम्ही वाईला गेलो. पहाटे जाग आली म्हणून मी घाटावर गेलो. बापू पायरीवर बसले होते. पायजमा, सदरा, खांद्यावर पंचा. पंचा कोरडा होता. मी शेजारी बसलो आणि विचारलं, झालं का पोहून?

"पोहत नाही आता," बापू म्हणाले. "संजयने बंद केलंय. स्कूटरची किल्लीही घेतलीय. बसायची परवानगी आहे. सातला घरी जायचं."

मी विचारलं, का? मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"तुमचा लेख त्याने डॉक्टरला दाखवला. पान चौदा. डॉक्टर म्हणाले, धोका कळत नाही असं दिसतंय." बापू नदीकडे बघत बोलत होते. आवाजात तक्रार नव्हती. "छान लिहिलाय लेख. उंट जरा उंच वाटला."

"तुम्ही उभे नव्हता राहिलात, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. नारळाचं नाही सांगितलं, शब्द दिला होता. पण मी उभा नव्हतो राहिलो, हे सांगितलं. संजय म्हणाला, बाबा, छापून आलंय. डॉक्टरांनी लिहून घेतलं, घडलेलं आठवत नाही."

समोर दोन-तीन माणसं पाण्यात उतरली. त्यांनी बापूंना हात केला. बापूंनीही केला.

मी म्हणालो, "बापू, मी चूक दुरुस्त करतो."

"बघा," ते म्हणाले. "सात वाजले. उठू या."

दुरुस्ती

पुण्याला येऊन मी वरचा मजकूर लिहिला. संघाच्या संपादकांनी वाचून सांगितलं की आपल्या अंकात दुरुस्ती छापायची पद्धत नाही आणि पहिला लेख जास्त रंजक होता. मी म्हणालो की हा छापला नाहीत तर सभेत उभा राहून वाचीन. मग ते छापायला तयार झाले.

छापण्याआधी मी तो वाईला नेला आणि बापूंच्या घरी संजय आणि शैलाताईंसमोर वाचला. बापू कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होते. सुलभा माझ्या शेजारी होती. वाचून झालं. मग सुलभा म्हणाली, "तुमच्या विजारीच्या खिशाला कुंकवाचा डाग होता. मीच धुतला. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

शैलाताईंनी बहिणीकडे पाहिलं. "तू तरी सांगायचंस की गं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. सुलभा बऱ्याच वेळाने उठून त्यांच्या मागे गेली.

संजयने माझ्या हातातून कागद घेतले आणि नारळाचा भाग पुन्हा वाचला. तो मला बोलेल अशी माझी अपेक्षा होती, माझी तयारीही होती. तो बापूंना म्हणाला, "बाबा, तुम्ही मला सांगत होतात." बापू शेंगा सोलत राहिले.

मी म्हणालो, मग उद्यापासून त्यांना पोहू दे.

"तुमचं खरं आहे काका," संजय म्हणाला. "पण मधे पाच-सहा महिने गेलेत, सवय तुटलीय. वयही आहेच. आता एकदा मनात भीती बसलीय, ती कागद वाचून कशी जाणार? मी पहाटेच दुकान उघडायला जातो. निदान घाटावर कुणी लक्ष ठेवायला असतं तरी..."

खोट्याला एक परिच्छेद पुरला होता. खऱ्याला एवढी पानं लिहूनही पुरत नव्हतं.

मी म्हणालो, "मी बसतो."

संजय म्हणाला, "काका, तुम्हाला पोहता येत नाही."

बापू पहिल्यांदाच बोलले. "ओरडता येतं त्यांना. मी ऐकलंय."

त्यामुळे सध्या मी वाईला आहे. पहिल्यांदा महिनाभर म्हणून आलो होतो, आता तिसरा महिना चालू आहे. सुलभा पुण्याहून शनिवारी येते. दोघी बहिणी बोलतात, पूर्वीइतकं नाही. ईराला नितीनने सगळं सांगितलं. तिने मला फोनवर विचारलं, "आजोबा, व्हाय?" मी सांगायला सुरुवात केली आणि ती ऐकत राहिली. शेवटी तिने फोन बापूंना द्यायला सांगितलं.

पहाटे साडेपाचला आम्ही घाटावर जातो. बापू सदरा काढून घडी करतात, माझ्या मांडीवर ठेवतात आणि पाण्यात शिरतात. पूर्वी ते पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचे. आता अर्ध्यावरून वळतात. पण काल ते अर्ध्याच्या पुढे गेले. धुकं होतं. मला त्यांचं डोकं दिसेना. मी पायरीवरून उठलो.

नदीतून शाळेतला आवाज आला.

"अहो, बसा. उभं राहायचं नाही."

मी बसलो.